धुक्यात विमान कसं उतरतं? ‘कॅट-३’ म्हणजे काय, जाणून घ्या

बेज्जूर : पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेज्जूर, कागजनगर असो की प्राणहितेपलीकडचा गडचिरोलीचा भाग, विमान पकडायचं तर नागपूर नाहीतर हैदराबादजवळचं शमशाबाद गाठावं लागतं. हिवाळ्यात तिथे पोहोचावं तर दिल्लीचं विमान उशिरा. इथे लख्ख ऊन, मग अडतं कुठे? अडतं दिल्लीच्या धुक्यात. तिथून विमान निघालंच नाही, तर परतीचंही रखडतं.

धुकं कसं मोजतात?
धावपट्टीचे दिवे वैमानिकाला किती अंतरावरून दिसतील, हे धावपट्टीलगतची यंत्रं मीटरमध्ये सांगतात. याला ‘आरव्हीआर’ म्हणतात.

वाट कोण दाखवतं?
‘आयएलएस’ यंत्रणेचे दोन रेडिओ संकेत असतात. एक धावपट्टीची मधली रेषा दाखवतो, दुसरा उतरण्याचा उतार, साधारण ३ अंशांचा. ठरलेल्या उंचीपर्यंत दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही, की विमान पुन्हा वर न्यायचं, हा नियम.

- कॅट-१ : उंची ६० मीटर, आरव्हीआर किमान ५५० मीटर
- कॅट-२ : उंची ३० मीटर, आरव्हीआर किमान ३०० मीटर
- कॅट-३ बी : आरव्हीआर ५० मीटरपर्यंत, विमान स्वयंचलित यंत्रणेने उतरतं

दिल्लीत कॅट-३ बी आहे. तरी विमानं का वळवतात? कारण धावपट्टी, विमान आणि वैमानिक, तिघंही त्या दर्जाचे लागतात. एक जरी कमी पडला तरी उतरता येत नाही.

उतरल्यावरही धोका
टेनेरिफ बेटावर २७ मार्च १९७७ रोजी दाट धुक्यात एक जंबो विमान उड्डाणासाठी धावत सुटलं, तेव्हा दुसरं त्याच धावपट्टीवरून हळूहळू चाललं होतं. धडकेत ५८३ जण गेले. त्या विमानतळावर जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार नव्हतं. आज मोठ्या विमानतळांवर असं रडार असतं. टॅक्सीवेच्या मधोमध हिरवे दिवे वाट दाखवतात. धावपट्टीच्या तोंडाशी आडवी लाल दिव्यांची रांग पेटलेली असेल, तर वैमानिकाने पुढे जायचंच नाही.

छोट्या विमानतळांचं काय?
इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ यंत्रणा उपग्रहावरून वाट दाखवते. विमानतळावर आयएलएस बसवावी लागत नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगड इथे इंडिगोचं एटीआर विमान तिच्या मदतीने उतरवून चाचणी झाली. मात्र दाट धुक्यात ती कॅट-३ ची जागा घेत नाही.

त्यामुळे थंडीत दिल्लीला जायचं असेल, तर घरून निघण्याआधीच विमानाची वेळ तपासलेली बरी.