कॅथलिक श्रद्धेतील आरोग्यदानाचे दोन संस्कार

कॅथलिक चर्च सात संस्कार मानते. त्यांपैकी प्रायश्चित्त आणि रुग्णाभ्यंग हे आरोग्यदानाचे संस्कार होत.

प्रायश्चित्त संस्कार : पश्चात्ताप, धर्मगुरूंपुढे पापनिवेदन, क्षमादान आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त असे त्याचे चार भाग आहेत. ऐकलेले पाप धर्मगुरूंनी कोणत्याही कारणाने उघड करायचे नसते.

रुग्णाभ्यंग : आजाऱ्याच्या कपाळाला व हातांना आशीर्वादित तेल लावून प्रार्थना केली जाते. याला नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा आधार आहे. हा विधी औषधोपचारांची जागा घेत नाही.

पूर्वी याला ‘अंतिम अभ्यंग’ म्हणत, त्यामुळे धर्मगुरू आले म्हणजे शेवट जवळ आला, अशी भीती रुजली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ‘रुग्णाभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरवले. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधी सुधारला. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी किंवा वार्धक्याने शक्ती क्षीण झाल्यावर तो घेता येतो. आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो.

निफाड तालुक्यातील विंचूर १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांताच्या हद्दीत येते. तिथल्या रुग्णाला नाशिकच्या रुग्णालयात हलवले, तर जवळच्या चर्चमधील धर्मगुरूंना बोलावता येते. मात्र तेल केवळ धर्मगुरू किंवा महागुरूच लावू शकतात.

शुद्ध हरपल्यावरही अभ्यंग करता येतो, पापनिवेदन मात्र करता येत नाही. म्हणून रुग्ण बोलता असतानाच धर्मगुरूंना निरोप देणे योग्य.