वर्दीबाहेरचे युद्धशास्त्र

युद्धाचे विश्लेषण करणे हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सैनिकांचेच काम मानले जाई. क्लाउझेविट्झ आणि जोमिनी हे दोन मोठे ग्रंथकार लष्करी अधिकारी होते, आणि वाचणारेही बहुतेक त्यांच्याच पेशातले. वर्तमानपत्रांचे वार्ताहर मात्र मुलकी असत. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली लंडनच्या 'टाइम्स'च्या विल्यम हॉवर्ड रसेलने सैन्याचे हाल छापून सरकारला घाम फोडला होता. पण वार्ताहराने पाहिलेले सांगावे, सेनापतीचा डाव बरोबर की चूक हे सांगू नये, असा संकेत होता. तो मोडायला सुरुवात झाली जर्मनीत, आणि तीही एका इतिहासाच्या प्राध्यापकाच्या हातून.

हान्स डेलब्रुक (१८४८-१९२९) १८७०च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात लढला होता, पण त्याचे आयुष्य गेले बर्लिनच्या विद्यापीठात. त्याचे हत्यार होते त्रैराशिक. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इराणी बादशहा झर्क्सिसच्या स्वारीत चाळीस लाखांहून जास्त माणसे असल्याचे लिहिले आहे. जर्मन फौजेची एक तुकडी कूच करताना रस्त्यावर किती मैल लांब पसरते, हा आकडा डेलब्रुकला ठाऊक होता. तोच हिशेब लावून त्याने दाखवले की एवढ्या सैन्याची आघाडी ग्रीसमध्ये थर्मोपिलीला पोचेल तेव्हा पिछाडी इराणातल्या सुसा शहरातून जेमतेम निघत असेल. दोन हजार वर्षे विद्वानांनी मान डोलावलेला आकडा असा एका गणिताने निकालात निघाला.

हिरोडोटसचा कैवार घ्यायला लष्करातले कोणी पुढे आले नाही. प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याची गोष्ट वेगळी होती. फ्रेडरिक शत्रूचा एका घावात नायनाट करण्याच्या मागे नव्हता, तो त्याला दमवून थकवून लढत असे, असे डेलब्रुकने मांडले आणि जर्मन सेनेच्या जनरल स्टाफचे इतिहासकार खवळले. निर्णायक लढाई हाच युद्धाचा एकमेव मार्ग, असे ते आपल्या अधिकाऱ्यांना शिकवत होते, आणि फ्रेडरिक हा त्या शिकवणीचा कुलपुरुष होता. हा वाद सुमारे तीस वर्षे चालला. प्राध्यापकाला यातले काय कळते, हा आक्षेप त्यात पुन्हापुन्हा आला; आणि जिथे जिथे तो आला, तिथे मूळ मुद्द्याचे उत्तर सहसा तयार नव्हते.

१८९८ साली दोन मुलकी माणसांनी दोन टोकांची पुस्तके काढली. इंग्लंडमध्ये फ्रेड जेन या चित्रकाराने जगातल्या युद्धनौकांची सचित्र सूची छापली. समुद्रावर दुरून दिसणारी नौका कोणाची आणि कोणत्या जातीची, हे ओळखता यावे असा तिचा व्यवहारी हेतू होता. 'जेन्स' हे नाव पुढे लष्करी संदर्भग्रंथांना चिकटले ते कायमचेच.

दुसरे पुस्तक रशियात निघाले. यान ब्लोख (१८३६-१९०२) हा वॉर्साचा सावकार, रेल्वेमार्ग बांधून गब्बर झालेला. पोलंडचा तो भाग तेव्हा झारच्या अमलाखाली होता. ब्लोखचा भावी युद्धावरचा सहा खंडांचा ग्रंथ सेंट पीटर्सबर्गला छापला गेला आणि लवकरच युरोपच्या इतर भाषांत गेला. बंदुकीचा पल्ला, गोळ्या झाडण्याचा वेग, तोफगोळ्यांचा मारा, धान्याची आयात, सरकारांचे कर्ज, रेल्वेची वाहतूक, सगळे त्याने तक्त्यांत मांडले. धूर न करणाऱ्या दारूमुळे गोळी झाडणारा दिसत नाही, आणि नव्या बंदुकीमुळे मोकळ्या मैदानातून चालून येणारा वाचत नाही. तेव्हा सैनिक जमिनीत शिरणार आणि फावडे बंदुकीइतकेच मोलाचे ठरणार. युद्ध महिनोन्‌महिने रेंगाळेल, निकाल तोफा लावणार नाहीत, उपासमार आणि दिवाळखोरी लावतील, आणि शेवटी क्रांती होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. १८९९च्या हेगच्या शांतता परिषदेला तो कोणाचाही प्रतिनिधी नसताना हजर राहिला आणि त्याने तिथे व्याख्याने दिली.

लष्करी पत्रांनी त्याची रेवडी उडवली. खुद्द डेलब्रुकनेही या ग्रंथाला हौशी माणसाची गोळाबेरीज ठरवले. एका मुलकी पंडिताने दुसऱ्याला वेशीवरच अडवले म्हणायचे. १९०१ साली लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने ब्लोखला बोलावले. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या बंदुकांपुढे ब्रिटिश पलटणी आडव्या होत होत्या आणि तो त्याच लढायांचे दाखले देत होता. तरीही श्रोत्यांतल्या अधिकाऱ्यांचे मन वळले नाही. तिथला मुलूख वेगळा, आणि सैनिकांची जिद्द तक्त्यात बसत नाही, असा त्यांचा सूर होता. पुढच्या जानेवारीत ब्लोख वारला. त्याने पैसा घालून उभारलेले युद्ध आणि शांतता यांचे संग्रहालय त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नला उघडले.

१९१४च्या शरदात पश्चिम आघाडीवरचे सैन्य खंदकांत शिरले आणि चार वर्षे तिथेच राहिले. ब्लोखचा रणांगणाचा अंदाज खरा ठरला. चुकला तो सरकारांचा अंदाज. एवढा खर्च कोणतेही राज्य फार काळ सोसणार नाही असे त्याला वाटे. राज्यांनी तो कर्ज काढून सोसला. सावकाराचा हिशेब नेमका पैशाच्या बाबतीत चुकावा, ही मौजच आहे. रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी इथली राजघराणी मात्र त्याने सांगितल्याप्रमाणे क्रांतीत बुडाली.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात प्रश्न बदलला. मुलकी माणसाला कळते का, असे विचारणे मागे पडले. त्याला हे कळले कुठून, असे विचारले जाऊ लागले. बर्लिनच्या 'वेल्टब्यूने' साप्ताहिकाने १९२९ साली जर्मनीच्या छुप्या हवाई तयारीवर लेख छापला. त्यातला काही मजकूर संसदेच्या कामकाजात आधीच आलेला होता. तरी १९३१ साली संपादक कार्ल फॉन ओसिएत्स्कीला गुपिते फोडल्याबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली.

त्याच वर्तुळातला पत्रकार बर्टोल्ड याकोब हिटलर सत्तेवर येण्याआधीच स्ट्रासबुर्गला गेला होता. जर्मन सेना गुपचूप कशी वाढते आहे यावर तो तिथून लिहीत असे. ९ मार्च १९३५ रोजी पासपोर्ट मिळवून देण्याच्या मिषाने एका ओळखीच्या माणसाने त्याला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला बोलावले आणि तिथून मोटारीत घालून सरहद्दीपार नेले. तो माणूस गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांचा हस्तक होता. स्विस सरकारने प्रकरण लावून धरले, तेव्हा सप्टेंबरमध्ये जर्मनीला त्याला परत करावे लागले.

याकोबची एक गोष्ट हेरखात्याच्या पुस्तकांतून नेहमी सांगितली जाते: त्याने जर्मन सेनापतींची यादी छापली, म्हणून त्याला पळवले, चौकशीत त्याने सांगितले की सगळी माहिती लग्नाच्या बातम्यांतून आणि मृत्यूच्या जाहिरातींतून घेतली. गोष्ट रंगतदार आहे, पण तारखा जुळत नाहीत. नव्या जर्मन सेनेवरचे, अधिकाऱ्यांच्या यादीसह असलेले त्याचे पुस्तक पॅरिसला निघाले १९३६ साली, म्हणजे सुटकेनंतर. १९४१ साली त्याला लिस्बनमधून पुन्हा पळवण्यात आले. १९४४ साली बर्लिनमध्ये तो मेला.

मुलकी माणसाला युद्धातले काय कळते, हा उरलासुरला जुना आक्षेप अणुबॉम्बने निकामी केला. अणुयुद्धाचा अनुभव कुठल्याच सेनापतीला नव्हता. येल विद्यापीठाच्या बर्नार्ड ब्रोडीने १९४६ सालीच मांडले की यापुढे सैन्याचे मुख्य काम युद्ध टाळणे हे असेल. अमेरिकेच्या हवाई दलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या रँड या संस्थेने गणिती, अर्थशास्त्री, भौतिकशास्त्रज्ञ पदरी बाळगले. त्यांपैकी अल्बर्ट वोलस्टेटरच्या गटाने दाखवून दिले की परदेशातल्या तळांवर उभी असलेली बॉम्बफेकी विमाने अचानक हल्ल्यात जागीच नष्ट होऊ शकतात. हवाई दलाने ऐकले, पण अहवाल गोपनीय राहिला. मुलकी विश्लेषकाला दालनात जागा मिळाली, ती छापण्याचा हक्क बाहेर ठेवून. उघड आकड्यांची गरज १९५८ साली लंडनला स्थापन झालेल्या सामरिक अभ्यास संस्थेने भागवली. 'द मिलिटरी बॅलन्स' ही देशोदेशीच्या सैन्याची तिची वार्षिक मोजदाद आजही वापरात आहे.

भारतात या विद्येला जाग आणली चीनकडून झालेल्या १९६२च्या पराभवाने. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, नोव्हेंबर १९६५मध्ये, दिल्लीत संरक्षण अभ्यास आणि विश्लेषण संस्था सुरू झाली. पहिले संचालक मेजर जनरल होते. १९६८ साली आलेले के. सुब्रह्मण्यम हे सनदी अधिकारी. भारताने अण्वस्त्रांचा पर्याय सोडू नये, असे ते वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून लिहीत राहिले. कारगिल युद्धानंतर १९९९ साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि पत्रकार बी. जी. व्हर्गीस एक सदस्य. तिचा अहवाल काही भाग गाळून का होईना, पण छापला गेला.

१९६२च्या चौकशीचे तसे झाले नाही. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांच्या अहवालाबद्दल चव्हाणांनी सप्टेंबर १९६३मध्ये लोकसभेत निवेदन केले, आणि मूळ अहवाल कुलूपबंद राहिला. त्याच्या आधारे १९७० साली पुस्तक लिहिले नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने, आणि २०१४ साली अहवालाचा बराचसा भाग उघड केला तोही त्यानेच. मराठी वाचकाला यातली विसंगती चटकन दिसेल. त्र्यंबक शंकर शेजवलकर हे सैनिक नव्हते, तरी पानिपतावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९४६ साली काढला आणि १९६१ साली तो मराठीत आला. पेशवे दफ्तरातले निवडक कागद ब्रिटिश सरकारनेच १९३०पासून ४५ खंडांत छापले होते, त्यामुळे १७६१च्या पराभवाची चिकित्सा कोणालाही करता आली. १९६२च्या पराभवाचा अहवाल भारत सरकारने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही.