कागोशिमाहून गोव्याला लिहिलेलं पत्र

आठ दिवस जपानला जाऊन आलेल्या कुणाचा तरी व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. ‘जपानी लोक असं खातात, असं बसतात, असं वाकतात.’ आपल्या नवी मुंबईतून कॉन्फरन्सला गेलेले मित्रही परत आल्यावर हेच सांगतात. अशा वर्णनाला सोर्स म्हणून किती वजन द्यायचं? यासाठी एक जुनं उदाहरण घेऊ.

15 ऑगस्ट 1549 ला फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला. तो निघाला होता गोव्याहून. सोबत अंजिरो हा मूळचा कागोशिमाचाच माणूस होता, ज्याचा बाप्तिस्मा 1548 मध्ये गोव्यात झाला होता. 5 नोव्हेंबरला झेवियरने गोव्यातल्या सहकाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात जेवणाबद्दल तो म्हणतो की हे लोक पाळलेली जनावरं मारून खात नाहीत, अधूनमधून मासे खातात, भात खातात, भाजीपाला भरपूर असतो, आणि तरी तब्येत ठणठणीत, म्हातारी माणसंही पुष्कळ.

आता दुसरा पाहुणा. लुईश फ्रॉइश 1563 मध्ये जपानला पोचला आणि 1585 मध्ये त्याने युरोपीय आणि जपानी चालीरीतींची तुलना लिहिली. (हस्तलिखित थेट 1946 मध्ये माद्रिदला सापडलं!) त्याच्या यादीत जपानी लोक रानटी कुत्री, बगळ्यासारखे क्रौंच पक्षी, माकडंसुद्धा आवडीने खातात.

मग खोटं कोण बोलतंय? माझ्या मते कुणीच नाही. झेवियर उतरून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते, भाषा येत नव्हती, सगळं अंजिरोच्या तोंडून कळत होतं. फ्रॉइशला 22 वर्षं झाली होती. शिवाय सम्राट तेन्मूची 675 ची मांसबंदी काही महिन्यांपुरती आणि गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी एवढ्यांपुरतीच होती. हरीण, रानडुक्कर त्यात नव्हतं. म्हणजे ‘पाळलेली जनावरं’ हा झेवियरचा शब्द नीट वाचला तर बरंच काही जागेवर बसतं. आपण घाईत त्याचं ‘जपानी शाकाहारी होते’ करून टाकतो.

पण जुना माणूस म्हणून फ्रॉइशवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्याची मांडणीच ‘आम्ही असं, ते तसं’ अशी आहे. अशा साच्यात फक्त फरक मावतो, साम्य गळून पडतं. तो लिहितो, आम्ही हाताने जेवतो आणि जपानी लहानपणापासून दोन काड्यांनी. हे वाचून लिस्बनचा वाचक दचकला असेल. गोव्यातल्या माणसाला मात्र त्यात युरोपच आपल्यासारखा वाटला असता. बरं, देवाणघेवाण तर चालूच होती: आपला ‘पाव’ आणि जपानी ब्रेडचा ‘पान’ हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दावरून आलेत.

प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर ठरतं. आजचा शाकाहारी पाहुणा विचारतो, ‘सूपमध्ये मांस आहे का?’ समोरचा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, आणि सूप असतं वाळवलेल्या माशाच्या ‘दाशी’चं. बिनमाशाची दाशीही असते, कोंबू या समुद्री शेवाळाची. 1908 मध्ये किकुनाए इकेदाने तिच्यातूनच ग्लुटामेट वेगळं काढून त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. तेव्हा विचारायचंच असेल तर ‘दाशी कशाची?’ असं विचारा.