संपादक हसरत मोहानी आणि न केलेली सही

'निकाह' चित्रपटातील गुलाम अलींची गझल अनेकांना पाठ असते. ती लिहिणारे मौलाना हसरत मोहानी संपादक होते आणि पुढे आमदारही झाले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

उन्नाव जिल्ह्यातील मोहान हे त्यांचे गाव. खरे नाव सय्यद फज़लुल हसन. अलीगढमधून पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीची वाट खुली होती. ती सोडून त्यांनी १९०३ मध्ये 'उर्दू-ए-मुअल्ला' हे मासिक काढले. साहित्यासोबत त्यात राजकारणही असे. अलीगढचे धुरीण मुसलमानांना काँग्रेसपासून दूर राहण्याचा सल्ला देत होते, तेव्हा हसरत टिळकांना आपला राजकीय गुरू मानत होते. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली आणि ते टिळकांबरोबर बाहेर पडले.

१९०८ साली मासिकात इजिप्तमधील इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा एक निनावी लेख छापून आला. सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. लेखकाचे नाव सांगितले असते तर कदाचित सुटका झाली असती. हसरत यांनी नाव सांगितले नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली. सक्तमजुरी झाली, दंडापायी ग्रंथसंग्रह विकला गेला, तुरुंगात रोज मणभर दळण दळावे लागले. त्याच वर्षी 'केसरी'तील लेखांसाठी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली, हा योगायोग महाराष्ट्राने लक्षात ठेवायला हवा.

सुटून आल्यावर त्यांनी मासिक पुन्हा सुरू केले. पत्नी निशातुन्निसा बेगम त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. १९१३ मध्ये सरकारने जबर जामीन मागितला आणि मासिक बंद पडले. मग त्यांनी स्वदेशी मालाचे दुकान चालवले.

१९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये त्यांनी पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. गांधीजींनी विरोध केला, ठराव पडला. तीच मागणी काँग्रेसने १९२९ मध्ये लाहोरला स्वीकारली. दरम्यान हसरत येरवड्याच्या तुरुंगात राहून आले होते आणि १९२५ च्या कानपूर कम्युनिस्ट परिषदेचे स्वागताध्यक्षही झाले होते.

१९४६ मध्ये ते मुस्लिम लीगच्या तिकिटावर संयुक्त प्रांताच्या विधानसभेत आणि तिथून संविधान सभेत गेले. लीगचे तिकीट म्हटले की आज अनेकांच्या भुवया उंचावतात. पण फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले नाहीत. संविधान सभेत त्यांनी कॉमनवेल्थमध्ये राहायला विरोध केला. भारत समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ व्हावा, अशी दुरुस्ती सुचवली. धर्माच्या आधारावर राखीव जागा नकोत, असेही ते म्हणाले. बहुतेक वेळा मतदानात ते एकटे पडले. शेवटी त्यांनी संविधानावर सही केली नाही.

या नकाराशी आपण सहमत असायलाच हवे असे नाही. त्याच संविधानाच्या आधारावर आपण आज हक्क मागतो. पण हा माणूस समजून घ्यायचा तर १९०८ चा खटला आठवावा लागतो. जे छापले त्याची जबाबदारी त्यांनी दुसऱ्यावर ढकलली नाही आणि जे पटले नाही त्याखाली स्वतःचे नाव घातले नाही. संपादकाच्या खुर्चीत लागलेली ही सवय सभागृहातही सुटली नाही.

१३ मे १९५१ रोजी लखनऊला त्यांचे निधन झाले. मुसलमानांच्या देशप्रेमाचा पुरावा मागणाऱ्यांनी त्यांचे आयुष्य वाचावे. आणि आपल्या समाजाने मतभेद मांडताना एवढेच धैर्य दाखवावे, एकमेकांशी मतभेद असतानाही.