ताऱ्यांचे वर्णपट आणि अधिछात्रवृत्ती : साहा, पेन आणि बाप्पू

प्रास्ताविक

तारकीय खगोलभौतिकीचा इतिहास बहुधा दुर्बिणींचा आणि सिद्धांतांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. संशोधक त्या दुर्बिणीपर्यंत कोणाच्या पैशाने पोहोचला, किती काळासाठी पोहोचला आणि मुदत संपल्यावर त्याचे काय झाले, हे प्रश्न चरित्रग्रंथांत एखाद्या परिच्छेदात आटोपले जातात. सर्वोच्च पदवी मिळाल्यानंतर आणि कायम नेमणूक होण्यापूर्वी तरुण संशोधकास दोन-तीन वर्षे केवळ संशोधनासाठी देणारी अधिछात्रवृत्ती ही प्रामुख्याने विसाव्या शतकाची देणगी होय. अमेरिकेत रॉकफेलर फाउंडेशनच्या निधीतून नॅशनल रिसर्च कौन्सिलने भौतिकी व रसायनशास्त्र या विषयांसाठी अशा अधिछात्रवृत्ती १९१९ मध्ये सुरू केल्या. त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाने मेघनाद साहा यांना प्रेमचंद रायचंद वृत्ती दिली. या वृत्तीला तेव्हा ‘पीएच.डी.-उत्तर’ असे कोणी म्हणत नव्हते. तिचे कार्य मात्र तेच होते. प्रस्तुत लेखात साहा, सेसिलिया पेन आणि वेणू बाप्पू या तिघांच्या उदाहरणांवरून या व्यवस्थेचे बळ कशात होते आणि ती कोठे अपुरी पडली, याचा विचार केला आहे.

मुंबईचा पैसा, कलकत्त्याची वृत्ती

ज्या देणगीतून साहांना वृत्ती मिळाली, ती मुंबईची होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापारात अमाप पैसा आला. त्या काळातील सट्टेबाजीचे सूत्रधार म्हणून ओळखले गेलेले प्रेमचंद रायचंद (१८३१-१९०६) यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि आपल्या मातोश्रींच्या नावाच्या राजाबाई टॉवरसाठी मोठ्या देणग्या दिल्या, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते, याचा उल्लेख मात्र आपल्याकडे क्वचितच होतो. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि खुद्द प्रेमचंद यांचे फार मोठे नुकसान झाले. मुंबईत त्या पैशातून मनोरा उभा राहिला, तर कलकत्त्यात अर्धशतकानंतर त्याच पैशातून ताऱ्यांच्या वर्णपटाच्या अभ्यासाला साहाय्य मिळाले. देणगीदाराच्या मनात खगोलशास्त्र असण्याचे कारण नव्हते. देणगी विषयाशी बांधलेली नव्हती, हेच येथे उपकारक ठरले.

ढाका जिल्ह्यातील शेवडातली गावच्या एका लहान दुकानदाराचा मुलगा असलेल्या साहांना (१८९३-१९५६) पैशाच्या अभावाचा अर्थ चांगला ठाऊक होता. १९१७ च्या सुमारास त्यांनी निवडक प्रारण-दाबावरील विस्तृत लेख अमेरिकेच्या ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे पाठविला. लेख लांब असल्याने छपाईच्या खर्चाचा काही भार लेखकाने उचलावा, असे उत्तर आले. साहांना ते शक्य नव्हते. पुढे त्या नियतकालिकात केवळ एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले आणि मूळ लेख कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञानविषयक नियतकालिकात छापला गेला. तो युरोप-अमेरिकेत फारसा कोणी वाचला नाही.

लंडनमधील काही महिने

साहांच्या मुख्य कार्यासाठी प्रश्न तयार होता. हार्वर्ड वेधशाळेत ॲनी कॅनन यांनी ताऱ्यांच्या वर्णपटांचे ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असे वर्ग लावले होते. हा क्रम तापमानाचा असावा, असा तर्क होता. परंतु तापमान बदलले की विशिष्ट मूलद्रव्याच्या रेषा का उमटतात व का लोपतात, याचे भौतिक स्पष्टीकरण नव्हते. साहांनी ते दिले. तापमान वाढले की अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचे प्रमाण वाढते आणि दाब वाढला की ते घटते. उदासीन अणूच्या रेषा वेगळ्या आणि आयनीभूत अणूच्या वेगळ्या. म्हणून एकाच घटकद्रव्यांचे दोन तारे केवळ तापमानातील फरकामुळे अगदी भिन्न वर्णपट दाखवू शकतात.

सूर्याच्या वर्णगोलातील आयनीभवनाविषयीचा त्यांचा लेख ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये १९२० साली प्रसिद्ध झाला. मूळ कल्पना कलकत्त्यातच, प्रयोगशाळेच्या नव्हे तर ग्रंथालयाच्या आधारे सुचली होती, असे साहा नंतरही आग्रहाने सांगत. मग अधिछात्रवृत्तीने काय दिले? वृत्तीच्या बळावर ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत काही महिने राहिले. फाउलर हे नॉर्मन लॉकियर यांचे शिष्य. तेजस्वी ठिणगीत व सूर्याच्या वर्णगोलात काही रेषा अधिक ठळक का होतात, हे कोडे लॉकियर यांच्यापासून चालत आले होते आणि त्यासंबंधीच्या मोजमापांचा साठा फाउलर यांच्याकडे होता. तारकीय वर्णपटांवरील आपला लेख साहांनी त्यांच्या सान्निध्यात नव्याने लिहिला. तो रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये १९२१ मध्ये आला. सिद्धांत कलकत्त्याचा आणि त्याला कस लावणारी आकडेवारी लंडनची, अशी ही वाटणी होती. लंडननंतर ते बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत गेले.

१९२१ मध्ये साहा कलकत्त्याला परतले आणि १९२३ मध्ये अलाहाबादला गेले. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये राल्फ फाउलर (हे आल्फ्रेड फाउलर नव्हेत) आणि मिल्न यांनी सिद्धांताला अधिक काटेकोर रूप दिले. अलाहाबादेत साहांपुढे अध्यापनाचा भार होता आणि उपकरणे तुटपुंजी होती. वृत्ती देणाऱ्या व्यवस्थेने जाण्याची सोय केली. परतल्यावर काम कशाने चालावे, याची जबाबदारी तिने स्वीकारली नव्हती. महाविद्यालयीन अध्यापकांना ही स्थिती अपरिचित वाटू नये.

पेन : पात्रता आणि पद

साहांच्या समीकरणाचा सर्वांत फलदायी उपयोग केला तो सेसिलिया पेन यांनी. त्या १९२३ मध्ये इंग्लंडहून हार्वर्डला आल्या. १९२५ च्या प्रबंधात त्यांनी ताऱ्यांमध्ये हायड्रोजन इतर मूलद्रव्यांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचा निष्कर्ष काढला. हेन्री नॉरिस रसेल यांच्या आक्षेपामुळे तो ‘बहुधा वास्तव नसावा’ अशी पुस्ती जोडावी लागली. १९२९ मध्ये रसेल यांनीच तो मान्य केला. पदवीनंतर पेन यांना नॅशनल रिसर्च कौन्सिलची अधिछात्रवृत्ती मिळाली. ती संपल्यावर त्या हार्वर्ड वेधशाळेतच राहिल्या, परंतु दीर्घ काळ दुय्यम दर्जाच्या वेतनावर. प्राध्यापकपद मिळाले ते १९५६ मध्ये. अधिछात्रवृत्तीची निवड गुणांवर झाली, नेमणूक मात्र झाली नाही.

बाप्पू : परतल्यानंतर

वेणू बाप्पू (१९२७-१९८२) यांचे वडील हैदराबादच्या निझामिया वेधशाळेत होते. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर बाप्पू १९४९ मध्ये हार्वर्डला गेले आणि १९५२ मध्ये पीएच.डी. झाले. त्यानंतर कार्नेगी अधिछात्रवृत्तीमुळे त्यांना माउंट विल्सन व पालोमार वेधशाळांची द्वारे खुली झाली. तेथे ओलिन विल्सन यांच्याकडे शीत ताऱ्यांच्या वर्णपटांच्या उत्तम छायाचित्रपट्टिका होत्या. कॅल्शियमच्या ‘के’ या शोषणरेषेच्या मध्यभागी एक बारीक उत्सर्जनरेषा दिसते. तिची रुंदी ताऱ्याच्या निरपेक्ष प्रतीशी निगडित आहे, असे या दोघांना आढळले. म्हणजे रुंदी मोजली की ताऱ्याची खरी तेजस्विता कळते आणि तिच्यावरून त्याचे अंतर. ‘विल्सन-बाप्पू परिणाम’ या नावाने ओळखला जाणारा हा संबंध १९५७ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झाला.

तोपर्यंत बाप्पू भारतात परतून काही वर्षे झाली होती. पालोमारसारखी दुर्बीण सोडून आलेल्या संशोधकाने निरीक्षणांऐवजी संस्था उभारणीस वाहून घेतले. उत्तर प्रदेशची वाराणसीत स्थापन झालेली वेधशाळा त्यांच्या काळात नैनितालला गेली. १९६० पासून त्यांनी कोडाईकनालची धुरा सांभाळली आणि तमिळनाडूतील कावलूर येथे नवे निरीक्षणस्थळ निवडले. तेथे आरंभीचे काम कोडाईकनालच्या कार्यशाळेत घडविलेल्या ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीवर झाले. एक मीटरची दुर्बीण १९७२ मध्ये आली. अमेरिकेत अधिछात्रवृत्तीचे जाळे पुढे विस्तारत गेले. १९९० मध्ये सुरू झालेल्या हबल अधिछात्रवृत्तीत अधिछात्र यजमान संस्था स्वतः सुचवितो. भारतात मात्र, आधी वेधशाळा आणि मग अधिछात्र, हा क्रम बाप्पूंच्या पिढीला स्वतः आखावा लागला. १९७१ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वायत्त झाली, तेव्हा तिचे पहिले संचालक बाप्पूच होते. भारतातच तयार झालेली २.३४ मीटरची दुर्बीण त्यांच्या हयातीत पूर्ण होऊ शकली नाही. १९८२ मध्ये म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. १९८६ मध्ये कावलूरच्या त्या वेधशाळेला आणि दुर्बिणीला त्यांचे नाव देण्यात आले.