भायखळ्याचा फुटपाथ

माझे वडील गिरणी कामगार. लालबागच्या खोलीत गाववाले पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला वळकटी उचलायचा. दाटी भयंकर होती, पण डोक्यावर छप्पर होतं. ज्यांना गिरणीत कामाला लावणारा ओळखीचा जॉबर नाही, पागडीला पैसे नाहीत, ते फुटपाथवर राहिले.

माणसं आळशी म्हणून रस्त्यावर येतात, हे मला कधीच पटलं नाही. १८९६च्या प्लेगनंतर आलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने सुरुवातीच्या काळात बांधली त्याहून जास्त घरं पाडली. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना वाचवलं, पण भाड्याच्या नव्या चाळी बांधायला मालक पुढे येईनात. १९७२च्या दुष्काळात गाव सोडलेल्यांना ही मुंबई भेटली.

जुलै १९८१. भर पावसात मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने फुटपाथवासीयांना हटवायला सुरुवात केली. पत्रकार ऑल्गा टेलिस कोर्टात गेल्या. १९८५मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकाही येते. तरीही पावसाळ्यानंतर झोपड्या हटवायला परवानगी दिलीच! हक्क मान्य, जागा नाही. हे मला आजही सलतं.

त्याच सुमारास भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभं केलं. बचत केली, स्वतःची मोजणी केली, माळा निघेल अशा उंच खोलीचा नमुना आखला. महापालिकेने शिकावं ते यांच्याकडून. रात्रनिवारे हवेतच, पण कामाच्या जवळ, परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्या सरकारने स्वतः बांधायला हव्यात. घरकाम करणारी बाई पंचवीस किलोमीटर लांब टाकली, तर ती पुन्हा याच फुटपाथवर येणार.