पूर्णविराम कुणी आणला बे?

भाषाशास्त्रावरचा पॉडकास्ट हॉलमध्ये लोकांसमोर करायचा आणि लोकांनी तो ऐकायला यायचं, हे आपल्याकडे सांगून पटणार नाही. पण ‘लिंग्थुझिॲझम’ या इंग्रजी पॉडकास्टचे असे लाईव्ह शो झालेत. ग्रेचेन मॅककलक कॅनडातून आणि लॉरेन गॉन ऑस्ट्रेलियातून 2016 पासून तो चालवतात. मॅककलकबाईंचा खास विषय इंटरनेटवरचं इंग्रजी. 2019 च्या ‘बिकॉज इंटरनेट’ या पुस्तकात त्या म्हणतात की चॅटमध्ये वाक्य संपलं हे सांगायला नवी ओळ किंवा नवा मेसेज पुरतो. तरीही कुणी पूर्णविराम दिलाच, तर तो जास्तीचं काहीतरी सांगतो. बहुधा राग. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात 126 विद्यार्थ्यांना मेसेज वाचायला दिले, तेव्हा पूर्णविराम असलेलं एका शब्दाचं उत्तर त्यांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं की काही फरक पडला नाही.

सात रस्त्यावरच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. ‘कुठं हायस बे’, ‘सात रस्ता’, ‘ये लवकर’. तीन मेसेज, पूर्णविराम शून्य. (आमच्या सोलापुरात ‘बे’ आला की वाक्य संपलं, असंही धरता येईल.) माझे वडील मात्र ‘बरं.’ असं लिहितात. गड्ड्याला सुट्टी मिळत नाही, असं मी फॅमिली ग्रुपवर कळवलं तर उत्तर आलं, ‘ठीक आहे.’ बहिणीने मला वेगळा मेसेज केला: बाबा चिडलेत का? चिडले नव्हते. ते वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही पूर्णविराम देतात. त्यांच्या शाळेत तो राहिला की अर्धा मार्क जायचा.

मुलांना धड लिहिता येत नाही, ही तक्रार याच टिंबावरून सुरू होते. पण हे टिंब मराठीत फार जुनं नाही.

पोथ्यांमध्ये दंड असायचा. पत्रं आणि हिशोब मात्र मोडीत, आणि मोडीत आधी आडवी रेघ ओढून घ्यायची, मग बोरू शक्य तितका न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. या लिपीत मराठ्यांचं राज्य चाललं, वसुली झाली, तह झाले. वाचणारा सरावाचा असायचा, कुठे थांबायचं ते त्याला कळायचं. मला वाटतं, मराठीच्या घडणीचीही यात मदत झाली असणार. आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘आहे’ दिसलं की वाक्य संपत आलं.

मग छपाई आली, शाळाखाती आली. लिहिणाऱ्याची ओळख नसलेला मुलगा एकट्याने पुस्तक वाचू लागला. त्याच्यासाठी 1850 मध्ये मेजर थॉमस कँडींनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटं पुस्तक लिहिलं. मोल्सवर्थ यांच्यासोबत कोशाचं काम केलेले, पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर नजर ठेवणारे हे इंग्रज गृहस्थ. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह हे सगळं इंग्रजीच्या नमुन्यावर मराठीत रुजलं. छापील गद्यासाठी ते गरजेचंच होतं. हा लेखसुद्धा त्यांच्याशिवाय वाचवला नसता.

चॅट मात्र पुस्तकापेक्षा पत्राच्या जवळचं. समोरचा माणूस ओळखीचा, विषय माहीत. वडिलांचा पूर्णविराम पुस्तकाचा, बहिणीने तो वाचला पत्राचा. दोघांचंही बरोबर.

जुन्या पत्रांत शेवट दाखवायची सोय होतीच, फक्त ती वाक्याला नव्हती, अख्ख्या पत्राला होती. ‘बहुत काय लिहिणे’ आलं की पत्र आवरलं. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटायचं, पेशवाईत ‘लेखनसीमा’. म्हणजे मजकूर इथवरच, पुढे कुणी काही घुसडायचं नाही. फोनवर हे काम सेंडचं बटण करतं. अर्थात व्हॉट्सॲप आता पंधरा मिनिटं मजकूर बदलू देतं. मोर्तबाला ती सवलत नव्हती.